अक्काच्या खोलीखालचं पाणी

अक्का, खुटबावला तुझे दिवस घातले, पाहुणे पांगले, आणि मग मी आणि सुनंदा तुझं दौंडचं घर उघडायला आलो. सकाळची वेळ होती. कुलूप नेहमीसारखं अडलं. किल्ली जरा बाहेर ओढून फिरवायची, हे तुझ्याकडूनच शिकलो होतो. दार ढकललं आणि मी उंबऱ्यातच थांबलो. आतल्या खोलीत मोटर गुणगुणत होती.

तुला पुण्याच्या दवाखान्यात हलवायच्या गडबडीत मेन स्विच बंद करायचा राहिला होता, एवढंच. मला कळत होतं. तरी पाय पुढे पडेना. सुनंदा मागून म्हणाली, "अहो, आत कोण हाय?"

"कुणी न्हाई. अक्काचा प्यायच्या पाण्याचा फिल्टर चाललाय."

आतल्या खोलीला तू बाहेरून कडी घातली होतीस. ती काढली. कोपऱ्यातल्या सिमेंटच्या ओट्यावर तुझी माशांची काचेची पेटी. सगळे फिश टँक म्हणायचे, तू मात्र पेटीच म्हणायचीस. पाणी काठाच्या बोटभर खाली, तू काचेवर स्केचपेनने ओढलेल्या रेघेला अगदी टेकलेलं. घर बंद, माणूस नाही, वैशाखाचं ऊन, आणि पाणी एक सूतही कमी झालेलं नाही. मासे काचेशी आले, तोंडाची उघडझाप करत. तू जिथं उभी राहून त्यांना दाणे टाकायचीस त्या बाजूला आले. मी दुसऱ्या बाजूला उभा होतो.

"रोज कुणीतरी येऊन पाणी भरून जातंय असं वाटतंय हो," सुनंदा म्हणाली. तिने पदर खांद्याभोवती ओढून घेतला. खोली गार होती. बाहेर अंगाची लाही होत होती आणि तुझ्या आतल्या खोलीची फरशी पायाला थंडगार लागत होती.

मी तिला नळी दाखवली. फिल्टरमधून निघालेली बारीक पांढरी नळी, भिंतीवरून पेटीपर्यंत नेलेली, टोकाला छोटा फ्लोट. पाणी खाली गेलं की फ्लोट खाली येतो, नळी उघडते, पाणी रेघेपर्यंत आलं की बंद. माणूस लागत नाही. हे सगळं मी तिला सांगितलं खरं, पण सांगताना आवाज माझाच मला परका वाटत होता.

तुला शांतता सोसायची नाही, अक्का. निम्मा जन्म तुझा टेलिफोनच्या एक्सचेंजमध्ये गेला, कानाला हेडफोन आणि समोर बोर्ड. दौंडच्या किती घरांची लग्नं ठरली, मोडली, माणसं गेल्याचे निरोप आले, सगळं तुझ्या कानावरून गेलं. त्यातला एक शब्द तू कधी घरी आणला नाहीस. पावसाळ्यात लाइनवर खरखर आली की तू डोळे मिटून ऐकायचीस आणि लाइनमनला सांगायचीस, "केबलमधी पाणी शिरलंय." तो खड्डा खणायचा आणि पाणी निघायचं. लहानपणी मी एकदा डबा द्यायला आलो होतो, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलंय.

मग एक्सचेंज ऑटोमॅटिक झालं. बोर्ड उचलून नेला त्या दिवशी तू शिरूरला माझ्या शेजाऱ्यांकडे फोन केलास. "बाळू, आता मधी कुनी लागत न्हाई," एवढंच म्हणालीस आणि ठेवून दिलास. पुढं तुला बिलाच्या खिडकीवर बसवलं. तिथं बसून तू रिटायर झालीस. लग्न केलं नव्हतंस, त्यामुळे घरात तू आणि भिंती. मला वाटलं, आता तू मोठा टीव्ही घेशील. तू मासे आणलेस. पुण्याहून पॅसेंजरने, पाण्याची पिशवी मांडीवर धरून. खुटबाव स्टेशन आलं तेव्हा पिशवी खिडकीशी उचलून माशांना आपलं गाव दाखवलंस, हे तूच मला हसत सांगितलंस. आपला आजा मेंढरं घेऊन फिरायचा, तसं तू मासे घेऊन फिरलीस, असं मी म्हणालो होतो. किती हसलीस तू.

पेटीच्या पाण्याने मात्र तुला पहिल्यापासून छळलं. दौंडचं बोअरचं पाणी, तुला ठाऊकच आहे, बादलीत दोन दिवस राहिलं तर कडेला पांढरं वर्तुळ धरतं. पेटीतलं पाणी उडून जायचं, तू वरून बोअरचं ओतायचीस, काच पांढुरकी होत जायची, मासे मलूल. मुतखड्याच्या भीतीने तू स्वतःसाठी फिल्टर घेतलास आणि त्यातलं पाणी माशांना घालायला लागलीस. मला फोनवर समजावलंस, "उडून जातंय ते निस्तं पाणी. क्षार खाली ऱ्हात्यात. मग वरून बी निस्तंच घालावं न्हाई का?" मी रांजणगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला. मी म्हणालो, बरोबर आहे तुझं.

मग तू भाजी आणायला गेलीस आणि घसरलीस. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी हातात जोर राहिला नाही. तांब्या उचलून पेटीत ओतायचा म्हणजे तुला दोन हात लागायचे. दिवाळीत मी आलो, तेव्हा तू ओवाळून झाल्या झाल्या विषय काढलास.

"बाळू, फिल्टरची नळी थेट पेटीला जोडता यील का रं? म्या नसले घरात तरी पाणी कमी व्हायला नगं."

"जोडता येईल. पण फ्लोट अडकला तर घरभर पाणी होईल."

"न्हाई अडकत. तू बसव तर खरं."

त्या दुपारी आपण दोघांनी मिळून ते काम केलं. मी भिंतीत क्लिपा ठोकत होतो आणि तू नळी धरून माझ्यामागे चालत होतीस, लहानपणी पतंगाचं रीळ मी धरायचो तशी. काम झाल्यावर चहा घेऊन आपण खाटेवर बसलो. मी पेटीतलं मगभर पाणी काढलं. फ्लोट खाली गेला, बारीक धार सुरू झाली, पाणी रेघेला आलं आणि धार आपली आपण थांबली. तू टाळी वाजवलीस. परत काढ म्हणालीस. परत काढलं, परत भरलं. मग तू कप बाजूला ठेवून नळीकडे बघत राहिलीस.

"काय झालं?"

"काय न्हाई. आपोआप व्हायला लागलं की मानूस बघायचं सोडतंय."

"बघायला लागू नये म्हणूनच तर केलंय, अक्का."

"त्येच म्हनते मी."

हा वाद आपला तेव्हापासून सुरू झाला आणि कधी संपलाच नाही. मी कारखान्याचे दाखले द्यायचो, तू एक्सचेंजचे. मी म्हणायचो, यंत्राला कंटाळा येत नाही. तू म्हणायचीस, यंत्राला संशय बी येत न्हाई. मी चिडायचो. आता तुझा फोन वाजत नाही, तर संध्याकाळी हाताला काम राहत नाही, अक्का. तुझ्याशी भांडायची वेळ ती.

पहिला उन्हाळा गेला आणि तुझ्या फोनची भाषा बदलली. आधी म्हणायचीस, आज फिल्टर दोनदा चालला, आज तीनदा. मी म्हणायचो, ऊन आहे, पाणी उडतंय. पण थंडी सुरू झाली तरी तो तितकाच चालायचा. एके संध्याकाळी तू अगदी हळू आवाजात बोललीस, घरात कुणी झोपलं असावं आणि त्याला उठवायचं नसावं तशी.

"बाळू, खोलीखाली कायतरी हाय."

"काय आहे?"

"ऐकू येतंय. आधी टपटप येतं, मग लई खोल गेल्यावानी वाटतं. जनू कुनी तान्हेलेलं मानूस घोट घोट पितंय."

"मोटर असेल."

"मोटरचा आवाज मला कळत न्हाई व्हय रं?"

त्या रविवारी मी आलो. प्रत्येक जोड हाताने चाचपला. पेटीच्या पुढच्या कडेला, बाजूंना कोरडा कागद फिरवला. ओट्याखाली वर्तमानपत्र पसरलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. संध्याकाळी ते उचललं तर कुरकुरीत कोरडं. मी फरशीला कान लावला. गार दगड आणि माझ्याच कानातला रक्ताचा आवाज. तू खाटेवर बसून माझ्याकडे बघत होतीस.

"येतंय का?"

"नाही गं."

"आता थांबलंय. तू आलास की थांबतंय ते."

हे तू इतक्या साधेपणाने म्हणालीस की मी फरशीवरून चटकन उठून उभा राहिलो. परत शिरूरला जाताना, मोटरसायकलवर, मी सगळी वाट त्याच वाक्याचा विचार करत होतो. म्हातारपणी एकट्या माणसाला आवाज यायला लागतात, असं सुनंदाला म्हणालो. सुनंदा म्हणाली, "वन्संचा कान अजून तिखट हाय. त्यास्नी येतंय म्हंजी येतंय."

गेल्या उन्हाळ्यात आमची मनीषा कॉलेजच्या सुटीत तुझ्याकडे राहायला आली. दरवर्षी यायची, आणि तुम्ही दोघी आतल्या खोलीत तुझ्या लोखंडी खाटेवर झोपायचात, तू भिंतीकडे, ती खोलीच्या मधल्या बाजूला. या वेळी तिला पोचवायला आलो तर खाट बाहेरच्या खोलीत. आतल्या दाराला कडी. बाहेरच्या खोलीवर पत्रा, दुपारी भट्टी. मी विचारलं, "अगं, आत इतकं गार आहे आणि इथं कशाला भाजून घेता?"

"आत झोपायचं न्हाई."

"का?"

"न्हाई म्हंजी न्हाई. पेटीला दानं टाकाया म्या जाते, तिनं जायचं न्हाई." मग मनीषाकडे वळून म्हणालीस, "ऐकलंस का? कडी काढायची न्हाई."

मनीषाने मला नंतर सांगितलं की तूही आत जाताना भिंतीला अंग घासून जायचीस. मधोमध फरशीवर पाय ठेवायची नाहीस. पेटीशी जायचीस, दाणे टाकायचीस, तशीच भिंतीकडेने परत. तिला गंमत वाटली होती. तिने तुझी नक्कलही करून दाखवली होती आम्हाला, आणि आम्ही हसलो होतो.

आणखी एक गोष्ट तू फोनवर सांगितली होतीस. खिडकीमागचा कडुलिंब. तो वाळत चालला होता, निम्म्या फांद्या काळ्या पडल्या होत्या. त्या उन्हाळ्यात तो पुन्हा फुटला. गल्लीतली बाकी झाडं उघडी बोडकी आणि हा एकटा हिरवागार. "त्येला कुठनं पाणी मिळतंय?" तू विचारलंस. मी म्हणालो, कुठून तरी मिळत असेल. तू म्हणालीस, "कुठनं तरी मिळतंय, तेच तर इचारते."

तर आम्ही घर उघडलं, अक्का. कपाट आवरायला, भांडी बांधायला, माशांचं काय करायचं ते ठरवायला थोडे दिवस राहायचं असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाची विजेची डीपी जळाली. मोठा आवाज झाला आणि सगळी गल्ली अंधारली. वायरमन म्हणाला, दुसरी येईपर्यंत वेळ लागेल. भारनियमनाची तुझ्या घराला सवय होती. वीज चार तास गेली तरी फिल्टरच्या साठ्यातलं पाणी पेटीला पुरायचं. या वेळी साठा संपला आणि मोटर काही चालू होईना.

दुपारी जेवण करून मी आत गेलो. पाणी रेघेखाली गेलं होतं.

तासाभराने पाहिलं, आणखी खाली. मी सुनंदाला हाक मारली. ती दारात उभी राहिली, मी भिंतीला टेकून बसलो. आम्ही दोघं त्या पाण्याकडे बघत राहिलो. खोलीत उजेड होता, खिडकीतून कडुलिंबाची हलती सावली काचेवर पडत होती. कुठं थेंब दिसत नव्हता. ओटा कोरडा, फरशी कोरडी. आणि पाणी खाली चाललं होतं, शांतपणे, कुणी स्ट्रॉ घालून ओढून घ्यावं तसं. मासे खाली सरकत होते.

"अहो," सुनंदा म्हणाली, "ऐका."

मी मान वर केली. मोटर बंद, पंखा बंद, गल्लीत कुणाचा टीव्ही नाही. इतकं शांत घर तुलाही कधी मिळालं नसेल. आणि मग मला ऐकू आलं. टप. मग काहीच नाही. मग फार खालून, गुळुक.

अक्का, तू सांगितलं होतंस अगदी तसं.

मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फरशी ठोकत गेलो. दाराशी टक टक. भिंतीशी टक टक. मधे आलो आणि आवाज पोकळ झाला, ढब ढब. सुनंदाने मला दंडाला धरून मागे ओढलं. मी तिथून उठून सरळ शेजारच्या बबनमामांकडे गेलो. त्यांचा जन्म त्याच गल्लीत गेला. मामा काठी टेकत आले आणि दारातच थांबले. आत पाऊल टाकलं नाही.

"अक्काची खाट कुठं असायची?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं.

"आरं द्येवा," मामा म्हणाले. "घर इकलं त्यानं तुमास्नी सांगितलं न्हाई व्हय? हितं आड हुता. समद्या आळीचा आड. मोठ्या दुष्काळात आटला, खडखडीत कोरडा. मग मालकानं माती-कचरा टाकून बुजवला आन् वर खोली काढली."

"अक्काला माहीत होतं का मामा?"

"म्या तर न्हाई बोललो कधी. एकट्या बाईला कशाला भ्या घालायचं?"

दोन गवंडी बोलावले. त्यांनी पहार घातली. शहाबादी फरशीचा पहिला दगड उचलला तसा आतून गार वारा आला, ओल्या मातीचा, थेट तोंडावर. गवंडी मागे सरला. मी बॅटरी मारली. खाली जमीन नव्हती. दगडाचं गोल बांधकाम, आणि त्यातली भर खचून दोन पुरुष खाली गेलेली. दगड ओले, चमकत होते. एका बाजूने कडुलिंबाची मुळं आत घुसली होती आणि बारीक पांढऱ्या केसांसारखी खाली लोंबत होती, त्यांच्या टोकांना थेंब. पेटीच्या मागच्या कोपऱ्यातला सांधा सुटला होता. पाणी तिथून ओटा आणि भिंत यांच्या फटीत उतरत होतं आणि फरशीला न भिजवता खालच्या खाली आडात. दिवसाला एखादी बादली असेल. पेटी तेवढी गमवत होती आणि नळी तेवढी भरत होती, म्हणून कुणाला कमी झालेलं दिसलंच नाही. एक्सचेंजमधला कान होता म्हणून तुला ऐकू आलं.

गवंड्याने उचललेला दगड उलटा करून भिंतीला टेकवला होता. मी तो सरळ केला. त्यावर गंजाचं गोल वर्तुळ होतं, खाटेच्या पायाचं. मधल्या बाजूच्या पायाचं, मनीषाच्या बाजूचं. त्या दगडाखाली काहीच नव्हतं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. रडायला तिथं आलं, खुटबावला नाही. तू कडी घातली नसतीस, खाट हलवली नसतीस, तर आज मी कुणाकुणाचे दिवस घातले असते? आणि खाली पोकळ असेल ही शंका तू बोलून का दाखवली नाहीस? मनातलं मला सांगितलं असतंस तर मी हसलो असतो, हे ओळखून गप्प राहिलीस का? की तुलाही खात्री नव्हती, नुसतं ऐकू येत होतं, आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही ही एक्सचेंजची सवय आड आली? मनीषाला फोन करून सगळं सांगितलं. तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी तिची नक्कल केली होती."

आड बुजवायला गवंड्यांना बरेच दिवस लागले. आधी मोठे दगड, मग मुरूम, पाणी मारून, चोपून, थरावर थर. मी रजा काढून, रोज शिरूरहून येऊन उभा राहिलो. प्रत्येक थर माझ्या पायांनी दाबून पाहिला. आता तिथं ट्रक उभा केला तरी हलणार नाही. मासे मी बादल्यांतून शिरूरला आणले. दोन वाटेत गेले, बाकीचे आहेत. त्यांना मी सकाळी तांब्याने पाणी घालतो. नळी जोडलेली नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघ, आलास का न्हाई माझ्या बाजूला. आलो, अक्का. वाद तू जिंकलीस, पण जिंकल्याचं तोंड बघायला मिळालं नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. पुण्याच्या दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, तू मला हाताने जवळ बोलावलंस. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तू तो बाजूला सारलास आणि म्हणालीस, "पाणी बंद..." पुढचा शब्द श्वासात गेला. नर्सने मास्क परत बसवला. मी विचारलं, "बंद करू का?" तू मान हलवलीस. ती मान होकाराची होती की नकाराची, मला कळलं नाही. मी तेव्हा समजलो, घरचा नळ चालू राहिलाय असं तुला वाटतंय. म्हणालो, काळजी करू नको, मी बघतो. तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुझ्या डोळ्यांत समाधान नव्हतं.

बंद कर म्हणालीस का? की बंद करू नको? आटलेल्या आडाला इतक्या वर्षांनी पाणी मिळत होतं, आणि ते देणारी तूच होतीस, हे तुला उमगलं होतं का? मी तुझ्यासारखा ऐकू शकत नाही. मी नळी बंद केली आणि आड भरला. माणसाने दुसरं काय करायचं असतं?

मुरुमाचा वरचा थर घालायच्या वेळी बबनमामा पुन्हा आले होते. म्हणाले, "पार तोंड बांधू नका. एक पाइप उभा ठेवा. आडाला वारं लागतं." गवंडी हसला, मी हसलो नाही. कंबरेइतका प्लास्टिकचा पाइप त्या थरात उभा पुरला, खालचं तोंड चोपलेल्या मुरुमावर टेकलेलं, वरचं तोंड फरशीच्या पातळीला, वर झाकण. काल फरशी पूर्ण झाली. गवंडी आपली हत्यारं घेऊन गेले. दुपार होती. सुनंदा खोली झाडून घेत होती. मी तुझ्या माठातलं तांब्याभर पाणी घेतलं, झाकण काढलं आणि पाइपात ओतलं. का ते नीट सांगता येणार नाही. तुझ्या त्या अर्ध्या शब्दासाठी असेल.

कंबरेइतका पाइप, खाली टणक मुरूम. ओतलं की लगेच आवाज यायला हवा. आला नाही. पाणी तुंबलंही नाही. सुनंदाचा झाडू थांबला. मी पाइपाशी वाकून राहिलो, ती माझ्या शेजारी येऊन बसली. बाहेर कडुलिंबात पाखरं ओरडत होती. किती वेळ गेला असेल, आणि मग फार खोलवर, जिथं आता दगडांशिवाय काही असायला नको तिथून, पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज आला.

सुनंदाने माझा हात घट्ट धरला. मी तिच्याकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं.

अक्का, त्या घरात इतके दिवस तू एकटी ऐकत होतीस. आता आम्ही दोघांनी ऐकलंय.